मोरीचं तेल आणि पांढरी डुकरं

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी रोह्याच्या पलीकडे अष्टमीत राहायचे आणि रोज एसटीने पेणच्या जनावरांच्या दवाखान्यात जायचे. बाई डॉक्टर म्हणून लोकांना माझं अप्रूप होतं आणि मला माझ्या पदवीचा भारी तोरा. पाच मिनिटांत गोठा बघायचा, सल्ला द्यायचा आणि मोकळं व्हायचं, असा माझा खाक्या.

पेणजवळ खाडीकाठच्या एका गावात एका मावशीने पांढरी विलायती डुकरं पाळली होती. तिचा उभा जन्म मिठागरात गेला होता. खाऱ्या पाण्याने पायांना भेगा पडून त्यातून रक्त यायचं. डुकरं नीट वाढली तर मिठागर कायमचं सुटणार होतं. भावकीने नावं ठेवली, शेजारणींनी नाकाला पदर लावला, पण ही बधली नाही. पेणच्या खानावळींतलं उष्टं आणून ते उकळायची, त्यात कोंडा कालवून घालायची. डुकरांची जागा इतकी लख्ख ठेवायची, की तिथे पान मांडून जेवावं.

आणि पावसाळा सरता सरता तिची डुकरं मरायला लागली. आधी एक, दुसऱ्या दिवशी दोन. ना ताप, ना हगवण. संध्याकाळी मजेत खाल्लेलं जनावर सकाळी आडवं. त्यातही गेली ती सगळ्यांत गुबगुबीत.

तिच्या घरामागे मी एक मेलेलं डुक्कर फाडलं. पोटात रक्त साचलं होतं. यकृत हातात घेतलं आणि उजेडात धरलं. एरवी ते एकसारखं तपकिरी असतं. इथे काळपट लाल, पिवळट, मातकट असे तुकडे एकमेकांना खेटून बसले होते, फुटक्या लाद्यांची जमीन करतात तसे. चरबी पिवळी पडलेली आणि तिला चक्क मासळीचा खवट वास!

"मावशी, काय घालता यांना? खरं सांगा," मी ओरडलेच.

ती घरात जाऊन पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल होतं. जाळ्यात मोरीसारखा मोठा मासा आला, की तिच्या माहेरी त्याचं यकृत कढवून तेल काढत. बाळंतिणीला आणि अशक्त पोराला ते चमचाभर द्यायची त्यांची रीत. घरातली ही सगळ्यांत मोलाची वस्तू ती पळी-पळीने डुकरांना घालत होती. डबा वर्षभर तापत्या पत्र्याखाली होता.

"अहो, विष घातलंत तुम्ही!"

"तुमीच सांगितलं नव्हतं काय गो बाय? ताकदीचं कायतरी घाल म्हून?"

मला आठवलं. दोनेक महिन्यांपूर्वी एसटी चुकेल म्हणून पाठ फिरवता फिरवता मी तसं म्हणाले होते. काय घालायचं ते सांगायला मी थांबले नव्हते. तिने आपल्याकडचं उत्तमातलं उत्तम काढून दिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मासळीचं तेल खवट झालं, की ते अंगातलं ई जीवनसत्त्व संपवून टाकतं आणि यकृत उघडं पडतं. जे जनावर जोमाने वाढतं त्याची गरज मोठी, म्हणून तेच आधी जातं. हे सगळं मी परीक्षेसाठी घोकलं होतं.

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

"चुकीचं ऱ्हाऊ दे. ऱ्हायलेली जगतील काय, ते बोला. मिठागराच्या मुकादमाचा निरोप आलाय."

दिवाळीनंतर मिठागरं सुरू होणार होती. उरलेली डुकरंही गेली असती तर तिला पुन्हा त्या पाण्यात उतरावं लागणार होतं.

तेल बंद केलं. मुंबईहून ई जीवनसत्त्व आणि त्याच्या जोडीने यकृताला जपणाऱ्या सेलेनियम या खनिजाची इंजेक्शनं मागवली, नंतर खाण्यात मिसळायची पूड. ते सेलेनियम किती लागतं? एका डुकराला दिवसाला नखाच्या टोकावर दिसणारही नाही इतकं. कमी पडलं तरी मरण, जास्त झालं तरी मरण. शंभर किलोचं धूड अशा कणावर उभं असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं. पूड कोंड्यात कशी मिसळायची ते मी चार दिवस तिच्या शेजारी उकिडवी बसून दाखवलं. तिसऱ्या दिवशी आणखी एक डुक्कर गेलं. त्यानंतर एकही नाही.

तरी मावशीचा विश्वास बसेना. मुकादमाला ती आज सांगते, उद्या सांगते करत राहिली. काही आठवड्यांनी पहिलं डुक्कर रोह्याच्या खाटकाकडे निघालं, तेव्हा तीही टेम्पोत चढून बसली.

"आत काय हाय ते मला बघायचं हाय," ती म्हणाली. "वरून तर मेली ती पण धडच दिसत व्हती."

खाटकाने यकृत काढून फळीवर ठेवलं. मी थक्क झाले. यकृताचा जो भाग मेला होता तिथे आक्रसलेले पांढुरके खळगे होते. आणि त्यांच्या कडेने ताजं, तपकिरी, निरोगी मांस फुगून वर आलं होतं, गेलेल्याचं काम अंगावर घेऊन. पुस्तकात मी हे वाचलं होतं. डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते.

मावशीने खळग्यांवरून हळूच बोट फिरवलं. "ह्ये कुणी भरून काढलं?"

"कुणीच नाही. त्याचं त्यानेच. आपण फक्त मारायचं थांबवलं."

ती पुन्हा पुन्हा तिथेच हात लावत राहिली. मग टेम्पोच्या फळीवर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

"मुकादमाला नाय म्हून सांगते," ती म्हणाली. "आजच सांगते."