तिरक्या टोकाचे कालथे

माझा मामा तोंडाने फटकळ आणि कामात चेंगट. छापखान्यातून निवृत्त झाला तेव्हा आम्हाला वाटलं, आता हा घरी बसून मामीचं डोकं खाणार. पण त्याने मागच्या खोलीत पटाशा, कानशी आणि एक डुगडुगतं टेबल मांडलं आणि तरुणपणापासूनचा छंद नोकरीसारखा सुरू केला. लाकडी कालथे. फक्त कालथे, दुसरं काही नाही. लांब दांडा, एका बाजूने किंचित खोलगट पान, आणि तळाला लागलेलं खरवडून निघावं म्हणून तिरकं कापलेलं टोक. प्रत्येक कालथा रिकाम्या पातेल्यात गरागरा फिरवून बघितल्याशिवाय तो हातावेगळा करत नाही. त्या खडखडाटाने शेजारी वैतागलेत, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

वर्षातून एकदा मोठ्या मैदानावर हातच्या वस्तूंचा बाजार भरतो. गेली दोन वर्षं मामाने तिथे टेबल मांडलं आणि दोन्ही वेळा जवळजवळ सगळा माल घरी परत आला. लोक यायचे, कालथा उचलायचे, "काय गुळगुळीत झालाय हो!" म्हणायचे, हवेत दोनदा ढवळून बघायचे आणि जागेवर ठेवून चालू पडायचे. मामा ते फार मनाला लावून घ्यायचा. यंदा निघतानाच त्याने जाहीर केलं, "या खेपेलाही असंच झालं तर हत्यारं कोपऱ्यावरच्या सुताराला देऊन टाकतो. हौस पुरे झाली." मामा बोलतो ते करतो. ती खोली बंद झाली तर हा माणूस दिवसभर खिडकीत बसून राहील, या विचाराने मला धडकीच भरली. म्हणून मदतीला गेले.

माझंही फार कौतुक नको. मामाने मला दिलेला कालथा मी भिंतीवर शोभेला टांगून ठेवलाय. वापरताना काहीतरी खटकायचं. दोष मी माझ्या स्वयंपाकाला दिला, कारण त्याला ते सवयीचं आहे.

दुपारपर्यंत एकही कालथा गेला नाही. मामी आपल्या सुबक अक्षरात किमतीच्या चिठ्ठ्या लिहीत होती आणि मामा तोंड पाडून बसला होता. तेवढ्यात एक जाडजूड बाई आली. शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करते म्हणाली. तिने कालथा उचलला, हवेत फिरवला आणि थबकलीच. मग दुसरा फिरवला, तिसरा फिरवला.

"काका, हे मुद्दाम डावखुऱ्यांसाठी केलेत?"

"छे! सगळ्यांसाठी आहेत," मामा गुरगुरला.

"तुम्ही स्वतः डावखुरे ना?"

"आहे. मग?"

तिने एक कालथा माझ्या उजव्या हातात दिला आणि टेबलावर टेकवायला सांगितलं. नुसतं टोक टेकलं. मग तोच डाव्या हातात दिला. सगळी तिरकी कड अलगद टेबलावर बसली. "जन्मभर उजव्यांच्या भांड्यांशी झगडतेय हो मी," ती म्हणाली. "मला पाच द्या. आमच्याकडे भाजी चिरणारा आहे ना, तोही माझ्यासारखाच. त्याला पाठवते."

मामाचा चेहरा उतरला होता. गिऱ्हाइकाकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो मामीच्या हाताकडे बघत होता. उजव्या हाताकडे, ज्यात पेन होतं.

"अगं, पण तू तर घरी..."

मामी शिवते, चिरते, लिहिते ती उजव्या हाताने. ढवळते मात्र डाव्याने. लहानपणापासून मी ते बघत आलेय. एकेकाची खोड असते म्हणून सोडून दिलेलं.

"लग्नानंतर महिन्याभरात तुम्ही पहिला कालथा केलात," मामी चिठ्ठीवरून मान वर न करता म्हणाली. "दोन बोटांना पट्ट्या बांधून माझ्यासमोर उभे राहिलात. तेव्हा काय सांगणार होते मी? चार दिवस भाजी सांडली, मग जमलं."

मी पुठ्ठ्यावर 'खास डावखुऱ्यांसाठी' असं ठळक लिहून टेबलासमोर टांगलं. भाजी चिरणारा आला. कुणी बहिणीसाठी नेले, कुणी सासऱ्यांसाठी. संध्याकाळी खोक्यात सहा कालथे उरले आणि हत्यारं घरातच राहिली.

त्या हत्यारांनी मामाने पहिलं काम केलं ते मामीचं. जुना कालथा कागदावर पालथा ठेवून आखला आणि आठवडाभर खपून उजव्या हाताचा कालथा घडवला. मी गेले तेव्हा तो ओट्यापाशी उभा राहून तिला देत होता. मामीने उजव्या हाताने दोनदा ढवळलं. तिसऱ्यांदा भाजी शेगडीवर सांडली.

"अहो, आता नाही हो जमत या हाताने," ती हसत म्हणाली. नवा कालथा तिने माझ्या हातात दिला. "तू ने. तुझ्या भाजीला चव आली तर आली."

आणि जुना काळपट कालथा डाव्या हातात घेऊन ती ढवळायला लागली. माझा फटकळ मामा तिच्या त्या हाताकडे बघत उभा राहिला, भाजी शिजेपर्यंत.