उन्हाळ्यातला गिझर

बहिणीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मी घरातली विजेची सगळी उपकरणं एकदम चालू करून ठेवली होती. तीर्थपुरीत नवं घर बांधलं होतं. ऐपत दिसायला नको? कूलर, टीव्ही, आतल्या खोलीत नुसतीच तापणारी इस्त्री आणि भर मे महिन्यात गिझर! पाहुणे टेकले आणि बोर्डावरचं मेनचं बटन खटकन खाली पडलं, सगळं बंद. वर केलं, पुन्हा पडलं. मग मी ते सुतळीनं खिळ्याला बांधलं. बटन वर राहिलं, पण कूलर फिरेना. मुलाचे वडील उपरण्यानं वारा घेत दाराकडे पाहू लागले. आतून बहीण माझ्याकडे अशी बघत होती, की तेवढ्यावर पाणी तापलं असतं.

पाहुण्यांत एक जाडजूड गृहस्थ होते. ते नेमके कोणाचे कोण, हे पाहुण्यांनाही सांगता येईना. पोह्यांची दुसरी बशी हातात घेऊनच ते उठले आणि त्यांनी सुतळी सोडली.

"एका खाटेवर धा जण बसल्यावर खाट मोडंल का न्हाई? वायर जळू नये म्हणून पडतंय ते. समदं बंद करा."

चमचा रोखून त्यांनी मला एकेक प्लग काढायला लावला. मग बटन वर करून म्हणाले, "आता निस्ता कूलर लावा."

वारा आला. मुलाच्या वडिलांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि पोहे मागितले.

गृहस्थांनी तिसरी बशी ओढली आणि कोणी न विचारताच जाहीर केलं, "पोरगी पसंत हाये. फकस्त लग्नात ह्या भावाला बटनापाशी फिरकू देऊ नका."