तीन पट्ट्यांचं युरेनियम

“युरेनियम गेलं कुठं?” साहेब असे ओरडले की मल्लेश्वरमच्या बाजारातल्या फुलवाल्यांच्या हातून माळा सुटल्या असतील. “चार डिस्क केल्यास तू, चारींवर तीन-तीन पट्टे कोरडे!”

साहेब बेळगावचे. रागावले की मराठी बोलायचे, फार रागावले की कन्नड. त्या दिवशी दोन्ही संपवून ते इंग्लिशवर आले होते. “फ्रायडेला डिटेक्टर टेस्ट आहे. डिस्क नाही, तर तुझं कन्फर्मेशनही नाही!”

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याहून बंगळूरच्या लॅबमध्ये आलेला मी प्रोबेशनवरचा केमिस्ट.

काम तसं सोपं. भांड्याला चांदीचा मुलामा देतात, तसा बशीएवढ्या स्टीलच्या डिस्कवर युरेनियमचा थर चढवायचा. डिस्कवर युरेनियमचं पाण्यातलं द्रावण, वरून प्लॅटिनमची तार. करंट सोडला की बुडबुडे येतात आणि डिस्कवर थर बसतो. त्यातून निघणारे अल्फा कण मोजून डिटेक्टर नीट चालतो का, ते कळतं. हे कण इतके नाजूक की साधा कागदही त्यांना अडवतो. म्हणून थर पातळ हवा आणि सगळीकडे सारखा. युरेनियम एवढंसं, की गेटवरच्या गार्डला दाखवलं असतं तर “कुठाय?” म्हणाला असता.

मी करंट कमी केला, वाढवला. तार बदलली, द्रावण बदललं. गोत्र बदलायचं तेवढं राहिलं. पट्टे हलेनात.

शेवटी सुमित्राक्का आली. आमची लॅब असिस्टंट, बंगळूरच्याच शिवाजीनगरातल्या जुन्या मराठी घरातली. तिने ग्लोव्हज घालून डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरली.

“स्वल्प थांब रे. तीन आडव्या रेघा, मध्ये टिकली. ही विभूती आहे.”

“अक्का, युरेनियमला कसली विभूती?”

“दसऱ्याच्या आयुधपूजेला साहेबांनी कोऱ्या डिस्कचा डबा उघडून एकेका डिस्कला लावली नव्हती का? ‘हीच आपली आयुधं’ म्हणून?”

लावली होती. स्वतःच्या पंच्याने पुसलीही होती. “मी क्लीन केल्यात,” म्हणाले, म्हणून मी नुसत्या पाण्याने धुऊन घेतल्या. साहेब केसांना इतकं खोबरेल चोपडायचे की त्यात भज्यांचा घाणा निघाला असता. विभूती पुसली गेली, बोटांचं तेल राहिलं. आणि तेलावर थर धरत नाही.

आता हे साहेबांना कोण सांगणार? तेवढ्यात साहेबच आले. अक्काने डिस्क टेबलावर ठेवली. “साहेब, शिवू नका. वरून तीन बोटं धरा बघू.”

साहेबांनी धरली. पट्ट्यांवर बरोब्बर बसली. आयुष्यात पहिल्यांदा मी साहेबांना तिन्ही भाषांत गप्प पाहिलं.

डब्यातल्या उरलेल्या कोऱ्या डिस्क अक्काने शिकेकाईने घासल्या, देवाच्या समया घासतात तशा. मग मी अ‍ॅसिटोनने धुतल्या. गुरुवारी दुपारी सोनेरी-तपकिरी थर असा एकसारखा चढला की त्यात बघून भांग पाडून घ्यावा. शुक्रवारी डिटेक्टर पास झाला, सोमवारी मी कन्फर्म.

तेव्हापासून वस्तू साहेबांनी स्वच्छ केलेली असो नाहीतर देवाने, मी ती पुन्हा धुतो.

पुढच्या आयुधपूजेला साहेब विभूतीचं ताट घेऊन आले. अक्काने टेप लावलेला डबा पुढे केला.

“उघड की,” साहेब म्हणाले.

“डब्याला लावा. आतल्या सोवळ्यात आहेत.”