साडेसात किलोमीटरच्या वर

आधीच सांगतो, भुताच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी आजवर फक्त वाचायला आणि मनातल्या मनात हसायला येत होतो. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात भूतखेत, अंगारे-धुपारे सगळं बंद. वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात, मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकलेला. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं चारचौघांत ठणकावून सांगायचो.

माझं काम वरच्या हवेतले वारे मोजणाऱ्या विमानात. नरखेडवरून सरळ रेषेत नागपूरकडे यायचं, वळायचं, आणि त्याच रेषेवरून पुन्हा नरखेडकडे जायचं. दोन्ही वेळा वारा सारखा आला तर मोजणी खरी, नाहीतर यंत्रात खोट. दुसरी फेरी राहिली की सगळं उड्डाण पाण्यात.

शेजारच्या सीटवर रामटेके काका. नागपुरातल्या जरीपटक्याचे, रिटायरमेंटला दीड वर्ष उरलेलं. सगळं कंप्युटरमध्ये जात असूनही ते दर मिनिटाला पेन्सिलने कागदावर लिहायचे – वेळ, उंची, वाऱ्याची दिशा, वेग. शेवटी शेऱ्याचा रकाना. 'ढग', 'हादरा', एकदा तर 'चहा सांडला'... मी चिडवायचो. जे झालं ते लिहायचं, एवढंच म्हणायचे.

त्या सकाळी पहिली फेरी संपली. खाली खापरखेड्याच्या चिमण्या दिसत होत्या, म्हणजे विमानतळ जवळच. काका हेडफोन बाजूला करून म्हणाले, "छातीत दुखून राहिलं गा."

या उड्डाणाच्या परवानगीसाठी आम्ही नऊ दिवस थांबलो होतो, आणि रिपोर्ट माझ्या नावाने जाणार होता. मी म्हणालो, "ॲसिडिटी असन काका. बाराच मिनिटं, दुसरी फेरी घेऊन घेऊ."

"घे मंग," म्हणाले, आणि पुन्हा लिहायला लागले.

नरखेडवर फेरी संपली, तेव्हा अकरा वाजले होते. काकांची मान कलंडली. तेव्हा कुठे मी पायलटला सांगितलं. अकरा वीसला उतरलो. क्लिपबोर्ड मी माझ्या बॅगेत कोंबला, आणि हॉस्पिटलात ती बॅग पूर्ण वेळ माझ्या मांडीवर होती. बारा वाजून सहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. थोडं आधी आणायला हवं होतं, म्हणाले.

दुपारी घरी येऊन कागद काढला. अकरानंतर तो कोरा असायला हवा होता. नव्हता... काकांचंच अक्षर, दर मिनिटाला एक ओळ. विमान उतरत होतं तेव्हा कागदावरची उंची वाढत होती. काका स्ट्रेचरवर असताना आठ किलोमीटर. मग दहा, बारा, चौदा. आमचं विमान साडेसातच्या वर जाऊच शकत नाही. शेवटची ओळ बारा वाजून सहा मिनिटांची.

पण मोजून बघायची सवय जात नाही. विमानतळाजवळून रोज संध्याकाळी हवामानाचा फुगा सोडतात, तो वर जाताना वारा मोजतो. दुसऱ्या दिवशी त्या संध्याकाळच्या फुग्याचे आकडे काढून ताडून पाहिले. प्रत्येक उंचीवर वाऱ्याची दिशा आणि वेग जुळत होता. तो फुगा सुटला तेव्हा कागद माझ्या कपाटात होता.

तुम्ही म्हणाल, मग दाखव की कुणाला तरी. इथंच तर घोडं पेंड खातं.

आमच्यात गेलेल्या माणसासाठी पुण्यानुमोदन करतात. त्या दिवशी काकांची मुलगी प्रज्ञा मला बाजूला घेऊन विचारत होती, "दादा, पप्पा काही बोलले होते का तुमच्याजवळ?"

"नाही वं. एकदमच झालं."

मग तिने तो कागद मागितला. त्यांच्या हातचं शेवटचं आहे, जपून ठेवीन म्हणाली. मी ऑफिसवर ढकललं. ती ऑफिसात जाऊन आली, तिथे कागद नाही हे तिला कळलंय. आता दर पंधरा-वीस दिवसांनी मलाच फोन करते.

त्या कागदावर दहा अठ्ठेचाळीसची एक ओळ आहे. तेव्हा काका जिवंत होते, माझ्या शेजारी बसले होते. आकडे सगळे बरोबर. पुढे शेऱ्याच्या रकान्यात, नेहमीच्याच स्वच्छ अक्षरात – 'छातीत दुखते. सांगितले.'

अकरानंतरच्या ओळी कुणी लिहिल्या, कशा लिहिल्या, मला आजही कळलेलं नाही. तज्ज्ञाला दाखवायच्या तर कागद पूर्ण दाखवावा लागेल. मला स्वतःची लाज वाटते, आणि तरीही मी तो देत नाही.

काल पुन्हा प्रज्ञाचा फोन आला होता. मी म्हटलं, "शोधून राहिलो वं. सापडला की आणून देतो."