डावीकडचा स्पीकर

एगोन ब्येरेच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला मी त्याच्या घरी होते. जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, तरी पुढचे कित्येक दिवस मला ते खरं वाटत नव्हतं.

आमची ओळख स्पीकरच्या कारखान्यातली. फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या लांबट खाडीच्या, काठाला, गाव संपतं तिथे तो कारखाना होता. मी वायरी जोडायच्या बाकावर बसायची. एगोन शेवटच्या खोलीत. त्या खोलीच्या भिंतींना जाड गाद्या लावलेल्या होत्या, आणि तिथे त्याचं काम एकच, ऐकायचं. स्पीकरची जोडी खोक्यात बंद व्हायच्या आधी त्याच्यासमोर यायची. तो तीच चाळीस सेकंदांची ध्वनिफीत लावायचा, एका बाईचा आवाज, मग व्हायोलिनं, मग एक घंटा, आणि मान हलवायचा. मोजणीच्या यंत्राने पास केलेली जोडीसुद्धा त्याने मान हलवल्याशिवाय बाहेर जात नसे.

कोपनहेगनहून आलेले इंजिनियर सुरुवातीला त्याला हसायचे. एकदा त्याने एक जोडी परत पाठवली. एका इंजिनियरने ती यंत्रावर तीनदा तपासली, काही सापडेना. शेवटी वैतागून त्याने ती उघडली, तर आत कागदी शंकूच्या कडेला सुकलेल्या गोंदाचा मोहरीएवढा थेंब चिकटलेला. त्यानंतर कोणी हसलं नाही.

एगोनने स्वतः याबद्दल कधी फुशारकी मारली नाही. पण कान मात्र तो जपायचा. भिंतीला साधं भोक पाडायचं असलं तरी कानांवर जाड झाकणं चढवायचा. नववर्षाच्या फटाक्यांना सगळं गाव रस्त्यावर, आणि हा खिडक्या लावून, कानांत कापूस घालून घरात. पश्चिमेचा वारा सुटला की टोपी कानाखाली ओढायचा. त्याची बायको गुद्रुन म्हणायची, "आमच्याकडे सोनंनाणं नाही, एक जोडी कान आहेत."

घरचे स्पीकर त्याने स्वतः बनवले होते, सागवानी, कमरेपर्यंत उंच. वायरी त्याने फळ्यांच्या जमिनीखालून नेल्या होत्या. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर त्याची खुर्ची, आणि ती झाडण्यासाठीसुद्धा हलवायची नाही असा नियम. गुद्रुन चाळीस वर्षं त्या खुर्चीच्या भोवतीने झाडत आली.

गेल्या दोन वर्षांत गुद्रुनची बोटं सांधेदुखीने वाकडी झाली. रेकॉर्ड पाकिटातून काढून प्लेयरच्या फिरत्या तबकडीवर ठेवणं तिला जमेना, आणि दर वेळी एगोनला हाक मारणं तिला आवडेना. म्हणून त्यांची मुलगी सिग्ने ओर्हुस शहरातून येताना एक छोटी पांढरी डबी घेऊन आली. नावाला ती भेट वडिलांसाठी होती.

टेबलावर आमच्याकडच्या रीतीप्रमाणे वाढदिवसाचा छोटा झेंडा, थरांचा केक आणि कॉफी. एगोनने डबी हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"हे काय, साबणाची वडी?"

"बाबा, ही तुझ्या अँप्लिफायरच्या मागे लावायची. मग आईला फोनवरून हवं ते गाणं तुझ्याच स्पीकरवर लावता येईल."

"हवेतून?"

"हवेतूनच," गुद्रुन म्हणाली. "रेडिओ काय इतकी वर्षं नळातून येत होता?"

एगोनने मग फार ताणलं नाही. पण काम त्याने दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. अँप्लिफायर पुढे ओढला, मागची धूळ ब्रशने काढली, लाल पिन लाल भोकात आणि पांढरी पांढऱ्यात बसवली. सिग्नेने वायफायचा पासवर्ड घातला. डबीवरचा नारिंगी दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि मग पांढरा होऊन स्थिर झाला. गुद्रुनने वाकड्या बोटाने फोनवर एक गाणं निवडलं. मुलींचा गायकवृंद आणि मागे व्हायोलिनं.

आवाज खोलीभर पसरला. मला तर तो सुंदर वाटला. एगोन डोळे मिटून खुर्चीत बसला. आम्ही केकचे काटे खाली ठेवले.

"डावा बसलाय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"डावीकडून आवाज दबका येतोय. बघा, म्हणूनच मी नको म्हणत होतो." आणि खरं सांगते, त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

तो लगेच कामाला लागला. डबीच्या मागच्या लाल आणि पांढऱ्या पिनांची अदलाबदल केली. डबीत बिघाड असता तर दबका आवाज आता उजवीकडे जायला हवा होता. तो गेला नाही, डावीकडेच राहिला.

"म्हणजे डबी चांगली आहे," सिग्ने म्हणाली.

त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग अँप्लिफायरच्या मागच्या वायरींची अदलाबदल झाली, तरी तेच. मग त्याने आणि मी मिळून डावा स्पीकर उजवीकडे आणि उजवा डावीकडे नेला. तरी दबका आवाज डावीकडेच. आता त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान गेलं होतं.

"मला दोन्ही सारखेच ऐकू येतात," गुद्रुन म्हणाली.

"तू दारात उभी आहेस."

"मग मी खुर्चीत बसते." आणि ती बसली. चाळीस वर्षांत मी तिला त्या खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं. "सारखेच," ती म्हणाली.

सिग्ने बसली. तिलाही सारखेच वाटले. मग मी बसले. मी त्याच धंद्यातली, म्हणून तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"एगोन, मला फरक वाटत नाही."

"तुझे कान वायरी जोडण्यातच गेले, टोवे," तो म्हणाला. मला राग नाही आला. तो घाबरायला लागलाय हे मला तेव्हाच दिसलं होतं.

मग त्याला मागच्या भिंतीचा संशय आला. आवाज पुस्तकांच्या कपाटावर आपटून बिघडत असेल, असं पुटपुटत तो स्पीकरकडे पाठ करून उभा राहिला. आणि तसाच उभा राहिला. गाणं चालूच होतं. थोड्या वेळाने तो हळूच स्पीकरकडे वळला. मग पुन्हा कपाटाकडे. मग पुन्हा इकडे. खाली काहीतरी पडलंय आणि सापडत नाहीये, तसा.

त्याने उजव्या कानावर तळहात दाबून धरला.

"बंद केलंस का?" त्याने विचारलं.

"नाही, बाबा," सिग्ने म्हणाली. "चालू आहे."

त्याला तिचं बोलणं ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, तेव्हा तिच्या ओठांवरून त्याला कळलं. त्याने हात खाली घेतला.

"मी फिरलो की दोष माझ्याबरोबर फिरतोय," तो म्हणाला.

गुद्रुनने फोनवरचं गाणं बंद केलं, तिला बटण दोनतीनदा दाबावं लागलं. मग ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मी तुझ्या डावीकडे झोपते. दोन वर्षं मी रागावतेय, की हा माणूस मुद्दाम उत्तर देत नाही."

तेव्हा एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. रेकॉर्ड झिजल्यात, सुई झिजलीय, असं म्हणत त्याने वर्षभरात दोनदा सुई बदलली होती. दुकानात भेटला की तो मान तिरपी करून बोलायचा, आणि मला वाटायचं, म्हातारपणी याला ऐट आली. जुन्या रेकॉर्डवर आणि सुईवर सगळं ढकलता येत होतं. त्या डबीतून आलेल्या स्वच्छ आवाजापुढे सबब उरली नाही.

तीन आठवड्यांनी जिल्ह्याच्या रुग्णालयात त्याच्या डोक्याचं स्कॅन झालं. डाव्या कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ होती, हेझलनटएवढी, लहान सुपारीसारखी. कॅन्सर नव्हता. अशी गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, डॉक्टरबाईंनी सांगितलं, आणि लोक वय झालं म्हणून सोडून देतात. गेलेलं ऐकू येणं परत येणार नाही. आता लक्ष ठेवायचं, वाढली तर किरणांचे उपचार करायचे. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला कळलं कसं? एगोनने पिनांपासून कपाटापर्यंत सगळं क्रमाने सांगितलं. गुद्रुन म्हणते, ऐकताना त्या डॉक्टरबाईंनी लिहिणंच थांबवलं.

घरी आल्यावर त्याने स्पीकरवर चादर टाकली. मी गेले तेव्हा तो बागेत नुसता उभा होता.

"मी फटाक्यांजवळसुद्धा कधी गेलो नाही, टोवे."

"माहीत आहे."

"इतकं जपलं."



थोड्या दिवसांनी त्याने मला ते स्पीकर घेऊन जायला सांगितलं. "जोडीने ने. वेगळे करू नकोस." मी नाही म्हणाले. मग त्याच्या मनातलं खरं बाहेर आलं. गाठ जर इतकी हळू वाढते, तर ती कारखान्यात असतानाच सुरू झाली असेल का? आपण वाईट माल चांगला म्हणून पाठवला असेल का? कारखाना बंद होऊन अठरा वर्षं झाली होती. त्याने डॉक्टरबाईंना त्यासाठी दोनदा फोन केला होता. त्यांनी, तसं वाटत नाही, असं सांगितलं, पण त्याचं समाधान झालं नाही.

माझ्या बहिणीकडे आमच्या कारखान्याच्या शेवटच्या वर्षातली, त्यानेच पास केलेली जोडी आहे. एका रविवारी मी त्याला गाडीत बसवून तिच्याकडे नेलं. बहिणीने कॉफी ठेवली, पण त्याने ती घेतली नाही. एक स्पीकर बंद, दुसरा चालू, आणि उजवा कान त्याच्यासमोर. मग उलटं. अर्धा तास तो गुडघ्यांवर बसून होता. बहीण मला खुणेने विचारत होती, याचं बरं आहे ना?

शेवटी तो खुर्चीला धरून उठला. "ठीक आहेत," म्हणाला. परतीच्या वाटेवर तो गाडीत झोपला.

सिग्ने पुढच्या वेळी आली तेव्हा तिने फोनवर एक सोय शोधून काढली होती. ती डबी डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज एकत्र करू शकत होती. मग एकच स्पीकर पुरे.

"एका स्पीकरवर?" एगोन म्हणाला. "म्हणजे माझ्या आजोबांचा रेडिओ." आणि तो बागेत निघून गेला.

सिग्ने ओर्हुसला परतली. ते काम केलं गुद्रुनने. एका सकाळी एगोन खुर्चीत वर्तमानपत्र वाचत असताना तिने उजव्या स्पीकरवरची चादर काढली, फोनवर ते बटण दाबलं आणि एक वाद्यवृंद लावला. वाद्यवृंदात व्हायोलिनं डावीकडे बसतात. त्याच्यासाठी ती कधीचीच पुसट झाली होती. गुद्रुन सांगते, त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही, पण पान उलटायचं थांबला.

"व्हायोलिनं आली," तो म्हणाला.

पुढच्या मंगळवारी मी गेले, तर स्वयंपाकघरात, बटाट्यांच्या टोपलीशेजारी, डावा स्पीकर उभा. मी दारातच थांबले. कारखान्यात जोडीच्या दोन्ही स्पीकरना एकच नंबर असायचा, आणि चुकून जोडी फुटली तर काम थांबवून ती शोधली जायची. एगोनने स्वतःच्या हाताने जोडी फोडली होती. स्वयंपाकघरासाठी त्याने आत छोटा अँप्लिफायर असलेली दुसरी डबी मागवली होती आणि वायर फडताळामागून इतकी नीट नेली होती की दिसतसुद्धा नव्हती.

"तिथे तो काय करणार होता?" तो म्हणाला. "इथे तिला तरी ऐकू येईल. आणि बस ना. नाही, तिकडे नको. माझ्या उजवीकडे."

गाठ अजून आहे. तीन स्कॅन झाली, ती वाढलेली नाही. चौथं शरद ऋतूत आहे. पण एका कानाने आवाज कुठून येतो ते त्याला कळत नाही. त्या मंगळवारी गुद्रुनने बटाटे चिरायला त्याला स्वयंपाकघरातून हाक मारली. तो उठला आणि सरळ बागेच्या दाराकडे गेला. दार उघडून त्याने बाहेर पाहिलं, मग परत आला आणि खोलीच्या मध्यभागी उभा राहिला.

"कुठे आहेस?" त्याने विचारलं.

"इथेच," गुद्रुन म्हणाली आणि चाकू ठेवून त्याला दिसेल अशी दारात येऊन उभी राहिली.