लंगोटावरची पँट आणि भंडारदऱ्याचं पाणी

पहाटे साडेपाचला बेलापुरातल्या आमच्या घरातून बाहेर पडलो, तेव्हा माझ्या चालण्याचा आवाज येत होता. पावलांचा नव्हे. लेंग्याच्या आत कुणीतरी चुरमुऱ्याची पिशवी दाबत असल्यासारखा चुर्र चुर्र आवाज. रस्ता मोकळा होता, शेजारची दारं बंद होती, तरी मला वाटलं की सगळा गाव जागा होऊन ऐकतोय.

"हळू चाला, म्हणजे वाजणार नाही," ही म्हणाली.

हळू चाललो. वाजायचं ते वाजलंच, फक्त जास्त वेळ वाजलं.

आता हे सगळं मोकळेपणानं सांगतो, कारण हे प्रवासवर्णन त्याशिवाय सांगताच येणार नाही. मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, शेवटी कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. भंडारदऱ्याच्या धरणातून पाणी सुटायचं, नदीनं आणि कालव्यानं मजल दरमजल करत आमच्या भागात यायचं, आणि त्या आवर्तनाचं (कालव्याला ठरलेले दिवस पाणी सोडण्याचं) पाणी कुणाच्या शेताला किती वेळ, हे मी बघायचो. पण ते धरण मी कधी पाहिलं नव्हतं. जायचं ठरलं की आवर्तन सुरू व्हायचं, नाहीतर कुणाचं तरी लग्न निघायचं. निवृत्त झालो आणि प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं असं सगळे म्हणाले. लघवीवरचा ताबा मात्र गेला तो पुरता परत आला नाही. तयार डायपरनं मांड्या सोलवटल्या, म्हणून हिनं जुन्या मऊ धोतरांचे घडीचे कापडी लंगोट शिवले. दीड वर्ष मी गावाची वेस ओलांडली नव्हती. सख्ख्या पुतणीच्या लग्नाला ताप आल्याचं खोटं सांगितलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

यंदा धरण भरल्याची बातमी आली आणि हिनं परस्पर पिशवी भरायला घेतली. मी मनाशी ठरवलं, ही एक खेप नीट पार पडली तर उरलेलं आयुष्य हिंडायचं. नाही पडली तर ओसरीवरची खुर्ची आपली, पुन्हा कुणी नाव काढायचं नाही. हिलाही तसं सांगून टाकलं. तिनं डब्यात दशम्या जरा जास्तच भरल्या.

लंगोटावर घालायची वॉटरप्रूफ पँट मी श्रीरामपूरच्या एका औषधाच्या दुकानातून स्वतः निवडून आणली होती. प्लॅस्टिकची, आणि मापापेक्षा एक नंबर लहान. कालव्याचं गेट घट्ट बसलं की पाणी बंद, हे मी जन्मभर बघितलंय. घरी न्हाणीत तिच्यात तांब्याभर पाणी ओतून अर्धा तास धरून उभा राहिलो. एक थेंब गळला नाही.

"अंगात घातल्यावर तुम्ही असेच टांगून राहणार आहात का?" हिनं विचारलं होतं. बायकांना कालव्याच्या कामातलं काय कळतं, म्हणून मी पँट झटकून दोरीवर टाकली.

श्रीरामपुरातून शिर्डीची बस मिळाली. खिडकीबाहेर आश्विनातलं धुकं उसांच्या शेंड्यांवर बसलं होतं आणि त्यातून मधेच एखादा विजेचा खांब, एखादी मोटारसायकल, एखादी लाल साडी वर यायची आणि पुन्हा बुडायची. चाऱ्यांमधून (कालव्याच्या लहान फाट्यांमधून) पाणी चाललेलं दिसत होतं. डोळे अर्धवट मिटले की वाटायचं, बस जागच्या जागी आहे आणि आपल्या अंगावरून शेतंच वाहत चाललीत. दीड वर्षानं घराबाहेरची हवा लागत होती. मी सुखानं पेंगलो.

राहात्याच्या पेरूच्या बागा आल्या, रस्त्याकडेला पाट्या मांडून बायका बसल्या होत्या, पेरूचा वास खिडकीतून आत आला, आणि त्याच क्षणी गुडघ्याच्या मागं मला ओल लागली. हात लावून पाहिला. लेंगा भिजला होता. पँट इतकी घट्ट की मांडीवर वळ उठलेले, आणि तरी भिजला होता. हिच्याकडे बघवेना. तिनं दशम्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

शिर्डीच्या स्थानकावर सगळे उतरून गेल्यावर आम्ही उतरलो. फुलांच्या, प्रसादाच्या दुकानांमधून पिशवी पुढं धरून चालताना मी एकच वाक्य म्हणत होतो, "परतीची गाडी बघ." हिनं ती बघितली नाही. समोरच्या लॉजमध्ये शिरली आणि मॅनेजरला म्हणाली, "दोन तासांसाठी खोली द्या. ह्यांना लघवी थांबत नाही, कपडे बदलायचेत."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इतक्या वर्षांच्या संसारात मी हिच्यावर एवढा कधी चिडलो नव्हतो. मॅनेजर मात्र किल्ली शोधता शोधता म्हणाला, "तळमजल्यावरची देतो, आजी. गादीला कव्हर आहे, आजोबांना निवांत बसू द्या. आमच्याकडे निम्मे लोक म्हातारेच येतात." मग माझ्याकडे बघून हळू आवाजात, "पँट प्लॅस्टिकची असेल तर टाकून द्या. मागच्या गल्लीत द्वारकाबाईंकडे जा. आमची गाद्यांची कव्हरं त्याच शिवतात."

गाद्यांची कव्हरं शिवणाऱ्या बाईकडे आपण का जायचं, हे मला कळेना. पण हिला कळलं होतं. कपडे बदलून झाल्यावर ती मला तिकडं घेऊन गेली.

द्वारकाबाई पाथर्डीकडच्या. एके काळी कोयता घेऊन ऊसतोडीला जायच्या, कंबर गेली तशा शिर्डीत शिलाई मशीन टाकून बसल्या. देशभरातून म्हातारी माणसं दर्शनाला येतात, गाद्या भिजतात, म्हणून लॉजवाल्यांना पाणी न जिरणारी कव्हरं लागतात. आणि उरलेल्या कापडातून बाईंनी त्याच म्हाताऱ्यांसाठी पँटी शिवायला घेतल्या. दुकानावर पाटी नाही. आतल्या पडद्यामागं एक पाट, एक खुर्ची आणि एक स्टूल मांडलेलं.

"कुठवर जायाचं हाय?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"भंडारदरा," मी म्हणालो. मापाच्या आधी मुक्काम विचारणारी शिंपीण मी पहिल्यांदाच बघत होतो.

"म्हंजे बशीत लई बसायचं. मग वढून काढायची पँट न्हाई चालायची. ष्टॅंडावर समदा लेंगा उतरवत बसाल का? ही घ्या, कडंला टिचबटणं हायेत. उभ्या उभ्या बदलता येती."

त्यांनी तीन पँटी समोर टाकल्या. एक माझ्यासारखीच प्लॅस्टिकची. एक छत्रीच्या कापडासारखी, कमी वाजणारी, पण हातात धरल्या धरल्या घाम आणणारी. तिसरी गादीच्या कव्हराच्या कापडाची: बाहेरून सुती, मऊ, आतून पातळ थर. मी ती कानाशी नेऊन चुरगाळली. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. उलटी करून बघितली तर खालच्या भागात एकही शिवण नव्हती.

"सुई गेली तितं पानी जातं," बाई म्हणाल्या. "म्हनून शिवण कडंला घेती मी."

बाईंना काम कळत होतं, हे मला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. तरी माझा हेका सुटेना. "यातली लहान द्या. घट्ट बसेल अशी."

"का वं?"

मी त्यांना गेटचा सिद्धांत समजावला. चांगला सविस्तर, चारी, झडप, दाब वगैरे. बाईंनी ऐकून घेतला. मग एका स्टीलच्या ग्लासात काठोकाठ पाणी भरलं, माझ्याच लंगोटाच्या चिंधीचं एक टोक त्यात सोडलं, दुसरं काठावरून बाहेर लोंबतं ठेवलं, आणि म्हणाल्या, "च्या घ्या तवर."

आम्ही चहा घेत त्या ग्लासाकडे बघत बसलो. गल्लीत कुणाच्या तरी मोबाईलवर आरती लागली होती, मशीनच्या चाकावर उन्हाचा कवडसा थरथरत होता. ओल चिंधीतून वर चढली, काठ ओलांडला, उतरू लागली. मग टोकाशी एक थेंब जमला, मोठा झाला आणि पाटावर पडला. मग दुसरा. ग्लास उलटा केला नव्हता, कुणी धक्का दिला नव्हता. मी कितीतरी वेळ बघत राहिलो, जणू जन्मात पाणी बघितलंच नव्हतं.

"दाबानं न्हाई येत, सायेब," बाई म्हणाल्या. "तुमची पँट ल्हान, कापड मोठं. कापडाचं टोक मांडीशी भाईर डोकावतंय, त्येच वढून आनतंय. पँटीनं समदं कापड पोटात घ्यावं. आनि रबरात दोन बोटं गेली पायजेत."

ही ओठ दाबून हसू आवरत होती. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीला त्या थेंबांनी पुन्हा पहिलीत बसवलं होतं, आणि खरं सांगू का, मला बरं वाटलं. बिघाड माझ्या शरीरात होता तेवढाच होता. बाकीची चूक फक्त मापाची होती.

मग बाईंनी मला मोठ्या मापाची पँट घालून आधी खुर्चीवर, मग स्टुलावर, मग पाटावर उकिडवं बसायला लावलं. "उभ्या मान्साचं माप घिऊन काय करायचं? गळतंय ते बसल्यावर." पडद्याआड ही एकेक कड बोट फिरवून तपासत होती. दोन पँटी घेतल्या. निघताना सूचना मिळाल्या: कढत पाण्यात घालू नका, इस्त्री नको, सावलीत वाळवा.

संगमनेर, अकोले, मग राजूर. रस्ता वर चढू लागला तशी उसाची शेतं मागं राहिली, भाताची खाचरं आली. डोंगरांवर सोनकीची पिवळी फुलं इतकी दाट की कुणी हळद सांडून गेलंय वाटावं. ढग अगदी खाली, हात बाहेर काढला तर ओला होईल इतके खाली. दोन ठिकाणी बस थांबली, दोन्ही ठिकाणी मी टिचबटणं उघडून लंगोट बदलला आणि कुणाला पत्ता लागला नाही. शेंडी गावात उतरून एका घरगुती खानावळीत नाचणीची भाकरी, पिठलं आणि खुरासणीची (काळ्या बारीक तेलबियांची) चटणी जेवलो. दीड वर्षात पहिल्यांदा मी पाण्याचा दुसरा तांब्या मागितला. ही माझ्याकडे बघतच राहिली.

आणि मग धरण. किंवा धरणामागचं ते पाणी. मी जन्मभर पाणी तासात मोजलं होतं, अमक्याला सहा तास, तमक्याला चार. इथं ते न मोजता पसरलं होतं. पलीकडचे डोंगर त्यात उलटे उभे, ढग पाण्यावर टेकलेले, कुठं पाणी संपतं आणि आकाश सुरू होतं ते सांगता येऊ नये.

काठावर होडी होती. होडीवाला माझ्याच वयाचा. "बसा की बाबा. पार रतनगडाच्या पायथ्याकडं नेतो. दोन घंटं लागत्यात."

"मधे कुठं उतरता येतं?" मी विचारलं.

"मदी? मदी पानीच हाय."

मी उभा राहिलो. दोन तास, परकी माणसं, पांढरा लेंगा. मागं वळून बघितलं असतं तर मी परत गेलो असतो, म्हणून वळलो नाही. हिचा हात धरला आणि चढलो.

वल्ह्यांचा आवाज सोडला तर काही नव्हतं. ढग आमच्यावरून गेला तेव्हा समोर बसलेली ही दिसेनाशी झाली आणि मग भुवयांवर थेंब घेऊन परत आली. मधेच केव्हातरी मला कळलं, की झालं. आवर्तन सुटलं. आतून गरम ओल पसरली. मी श्वास धरून बसलो, मांडीच्या कडेला बोट लावलं. कोरडं. जरा वेळानं पुन्हा लावलं. कोरडंच. मग बोट लावायचं विसरलो. एक बगळा बराच वेळ आमच्या पुढं पुढं उडत होता, त्याच्याकडे बघत राहिलो. काठाला लागलो तेव्हा ही म्हणाली, "रडताय का?" मी म्हटलं, हो. उगाच डोळ्यात धुकं गेलं वगैरे सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेलापुरात परतलो. प्रवासानं माणूस शहाणा होतो म्हणतात. मला एवढंच कळलं, की दीड वर्ष मला आजारानं घरात बसवलं नव्हतं, कुणाला कळेल या भीतीनं बसवलं होतं. म्हणून तसाच पारावर गेलो. मंडळी बसली होती. कुणीतरी विचारलं, "काय साहेब, पाहिलं धरण? आणि तब्येत?" मी धरण सांगितलं आणि मग तब्येतही सांगितली. कापडी लंगोट, प्लॅस्टिकची पँट, भिजलेला लेंगा, द्वारकाबाईंचा ग्लास, सगळं. कुणी हसलं नाही. मग उसाच्या भावावर गप्पा सुरू झाल्या.

घरी निघालो तर आमच्यातले एक निवृत्त गुरुजी बरोबर चालू लागले. त्यांचं घर उलट्या दिशेला. हवेबद्दल बोलले, नातवाच्या परीक्षेबद्दल बोलले, आमच्या दाराशी येऊन थांबले तरी बोलतच होते. मग एकदम खाली बघून म्हणाले, "शिर्डीतली ती गल्ली नेमकी कुठली म्हणालात?"

मी गल्ली सांगितली नाही. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "सकाळी साडेपाचला तयार राहा, गुरुजी. मी येतो तुमच्याबरोबर."