आईच्या जागेचे चार दगड

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या जुन्नर-आंबेगावात उसातल्या बिबट्याला सगळेच भितात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी मात्र त्या वर्षी माणसांना भ्याले, आणि तीही आपलीच, माझ्यासारखीच बायबल उशाशी घेऊन झोपणारी.

जुन्नरला आमचं जुनं चर्च आहे. घरं थोडी, भांडणं भरपूर. गावाबाहेर उसाला लागून आमची दफनभूमी आहे आणि वडील तिथे आहेत. आमच्यात नवरा-बायकोची जागा शेजारी शेजारी राखून ठेवतात. मागे राहिलेल्याच्या जागेवर चार कोपऱ्यांना चार दगड मांडायचे. ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळी घरं आपापल्या कबरींना चुना लावतात, तेव्हा त्या दगडांनाही लावतात. चुना लागला की जागा राहिली, दगड उचलले की गेली. कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. आई दर वर्षी स्वतःच्या दगडांना स्वतःच चुना लावायची आणि वर मला म्हणायची, "बघ, माझा प्लॉट एनए झाला."

आई नर्स होती. रिटायर झाली, वडील गेले, आणि ती नारायणगावच्या रस्त्याला एका द्राक्षबागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थनेला जायला लागली. तिथली मंडळी नवी. त्यांचं म्हणणं असं, की तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडलं तो बाप्तिस्माच नव्हे. माणसानं कळत्या वयात, समजून-उमजून, अख्खं पाण्यात बुडून तो घ्यायचा. आमचं चर्च तान्ह्या बाळांनाच बाप्तिस्मा देतं, आणि दुसऱ्यांदा घेणं म्हणजे पहिला खोटा म्हणणं, असं मानतं. अडुसष्टाव्या वर्षी आईनं ठरवलं, आपण बुडायचं. मी म्हटलं, अगं तुझे गुडघे. ती म्हणाली, "त्येंनाबी घेऊन जाते की."

त्यांच्यातलं एक घर शिनोलीचं, म्हणून घोड नदीवर जायचं ठरलं. मी घोडेगावात शाळेवर आहे, तेव्हा टॉवेल घेऊन काठावर उभं राहणं माझ्याच वाट्याला आलं. आई पाण्यात उतरत होती आणि माझे डोळे रस्त्यावर होते. भीमाशंकरच्या गाड्यांची रीघ लागली होती. कोणी थांबलं, मोबाईल काढला, इथे धर्म बदलतायत म्हणून बोंब ठोकली, तर मी काय सांगणार होते? आम्ही आधीपासूनचेच ख्रिस्ती आहोत, फक्त पाणी जास्त घेतोय? तेवढ्यात खरोखरच एक जीप थांबली. ड्रायव्हर उतरून सरळ माझ्याकडे आला. तो म्हणाला, "ताई, भीमाशंकरला ह्योच रस्ता का?" मी टॉवेल छातीशी धरून मागे सरकले. आईनंच नदीतून निथळत वर येत त्याला रस्ता सांगितला, वर घाटातलं वळण जपून घ्यायलाही सांगितलं.

महिनाभरात काकांचा फोन आला. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, चर्चच्या कमिटीचे प्रमुख. आईला यापुढे प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेतल्या भाकरी-द्राक्षरसाला, बसता येणार नाही, असं कमिटीनं ठरवलं होतं. आणि चर्चचा बाप्तिस्मा जिनं नाकारला, तिला चर्चच्या जमिनीत जागा नाही. ईस्टरच्या आत दगड उचलणार होते.

आई प्रभुभोजनासाठी रडली. जागेचं ऐकून नुसती मान हलवली. घाबरले ती मी. तिच्या नव्या पाळकांना विचारलं, तुमची दफनभूमी कुठे आहे? ते म्हणाले, "ताई, शरीर माती आहे. कुठंही ठेवा." कुठेही! गावात ख्रिस्ती घर एकुलतं एक असलं आणि दारात शवपेटी असली, तर या शब्दाचा अर्थ 'कुठेच नाही' असा होतो, ते मला चांगलं ठाऊक आहे. घोडेगावातल्या माझ्या घरमालकांना सहज म्हणून बोलले, तर ते मोठ्या मनानं म्हणाले, "मॅडम, आमच्या बांधाला जागा हाय की." दुसऱ्या दिवशी मात्र माझी नजर चुकवत म्हणाले, "भावकीत इचारावं लागंल."

आईच्या हृदयात स्टेंट आहे. फोनवर तिचं नाव दिसलं की माझ्या छातीत धस्स व्हायचं. आणि तिला काय झालं असेल, याच्या आधी मनात यायचं, तिला नेऊ कुठे. आई पलीकडे गवारीचे भाव सांगत असायची आणि मी तिच्यासाठी खड्डा शोधत असायचे. हे मी सांगणार तरी कोणाला? शाळेत मुलांना गणित घालतानाही मनात तेच चालायचं.

शेवटी उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, उपासना संपल्यावर, हिय्या करून काकांच्या घरी गेले. ते अंगणात बादलीत चुना भिजवत होते. मी पाठ करून आणलेलं सगळं बोलले. वडिलांचं नाव घेतलं, रडलेही. काका चुना ढवळत राहिले.

मग म्हणाले, "तुझ्या बापाच्या शेजारी बारकी कबर हाय, ती कुनाची ते तुला ठाव हाय?"

मला माहीत होतं. काकांची पहिली मुलगी, दोन दिवसांची होऊन गेली.

"तवा पाळक ओतूरकडं गेलेले. पोर निळी पडाया लागली. तुझी आई वार्डात ड्यूटीवर व्हती. तिनंच पानी घेतलं आन पोरीच्या कपाळाला लावून बाप्तिस्मा दिला. त्या पान्यावर मी आन तुझी काकू आजवर जगलो." त्यांचा हात थांबला. "आता तुझी आई नदीत जाऊन सांगती, ते पानी खोटं. मंग माझी पोर कुठं गेली गं?"

मला वाटत होतं काका हट्टी आहेत. हट्टी माणसाशी भांडता येतं. या माणसाशी भांडता येणार नव्हतं, आणि त्याहून मोठी भीती वाटली ती आईची. काकांनी हेच तिला तोंडावर विचारलं तर? शेडमधली शिकवण सांगते, शिंपडलेलं पाणी फुकट. आणि माझी आई खोटं बोलत नाही, समोरचा मरायला टेकला असला तरी.

म्हणून शनिवारी मी तिला म्हटलं, या वर्षी नको जाऊया. ती म्हणाली, "मंग तुझ्या बापाला चुना कोन लावनार?" रिक्षात बसल्यावर मी तिला काकांचं बोलणं सांगितलं. ती दफनभूमीच्या फाटकापर्यंत चुन्याची बादली दोन्ही पायांत घट्ट धरून बसली.

ऊस कंपाउंडला भिडलेला होता. बिबट्यानं लांब राहावं म्हणून काकांनी मोबाईलवर भजनं मोठ्यानं लावली होती आणि पाठमोरे बसून ते लहानग्या कबरीला चुना लावत होते. आईचे चारही दगड भिंतीपाशी ढीग करून टाकलेले.

आई काकांच्या शेजारी जाऊन टेकली. काकांनी भजन बंद केलं.

"वहिनी, एकच इचारतो. तुमी माझ्या पोरीला दिला तो बाप्तिस्मा खरा का खोटा?"

"खरा," आई म्हणाली. "पोर माझ्या हातात व्हती, भावजी. देवानं ते पानी घेतलं न्हाई, असं मला कुनी कितीबी वचनं दाखवून सांगितलं तरी मी मानायची न्हाई."

"मंग नदीत कशाला गेलात?"

"ती दोन दिसांची व्हती. तिला एवढंसं पुरलं. मला अडुसष्ट वर्सांचं धुवायचं व्हतं."

काकांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "हे तुमच्या नव्या पाळकांना चालतं?"

"न्हाई चालत. कळलं तर तेबी मला बाहेर काढत्याल."

इतके दिवस एका दारातून हाकललेली आई, आता दुसऱ्या दाराची कडीही स्वतःच्या हातानं लावून घेत होती. मला तिचं तोंड दाबून धरावंसं वाटलं.

काकांनी ब्रश बादलीत बुडवून ठेवला. मग म्हणाले, "मला तुमचं न्हाई पटलं, वहिनी."

"नका पटवून घेऊ."

"प्रभुभोजनाला बसता येनार न्हाई. त्यात मी बदल करनार न्हाई."

"बरं," आई म्हणाली. तिचा आवाज त्या एकाच शब्दाला हलला.

काका उठले, भिंतीपाशी गेले आणि एक दगड उचलून वडिलांच्या कबरीशेजारी ठेवला. मग दुसरा. तिसरा त्यांना जड गेला म्हणून मी धावले, तर त्यांनी मला हातानंच मागे सारलं.

मी विचारलं, "काका, कमिटीला काय सांगाल?" माझी भीती अजून कमिटीपाशीच अडकली होती.

"सांगीन, माझ्या पोरीला जिनं बाप्तिस्मा दिला तिची जागा हाय. कुनाला उचलायचे असतील त्यानं माझ्यासमोर उचलावेत."

चारही दगड मांडून झाल्यावर ते ब्रश घेऊन वाकले. आईनं डोळे बारीक करून जागा पाहिली.

"भावजी, पायाकडं जरा सरकवा. मी उंच हाय."

काकांनी दोन दगड वीतभर खाली सरकवले आणि मग चुना लावला.

आजही फोनवर आईचं नाव दिसलं की छातीत धस्स होतं. पण आता मी फक्त ती जाईल याला भिते, सगळ्या लेकी भितात तेवढीच.